अळीचं चित्रपुस्तक आणि परिसर अभ्यास

प्रश्न (कळव्याहून): तिसरीला अळीचं फुलपाखरू होण्याचं चित्रपुस्तक घ्यायचंय. पट ४२, पुस्तक एकच. कसं जमवावं?

ऐरोलीहून: पुस्तक तुम्हीच धरा, पण एका दमात वाचू नका. कोशाच्या पानावर थांबा, पुढचं चित्र मुलांना वहीत काढू द्या. सोबत खरी अळी हवीच. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते ती बहुधा लिंबाच्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवी होते. ७-७ जणांचे ६ गट, शक्यतो गटाला एक बरणी, तोंडाला मलमल. डहाळीच्या देठाला ओला कापूस गुंडाळा; उघड्या पाण्यात अळी बुडते. लेंड्या रोज काढा, नाहीतर बुरशी. बाजारचा कढीपत्ता नको, फवारलेला असू शकतो.

घोडबंदर रोडहून: बरणी उंच घ्या आणि आत उभी काडी ठेवा. कोशातून निघालेल्या फुलपाखराला लोंबकळायला जागा नसली तर पंख चुरगळलेलेच वाळतात. पुस्तकातलं चित्रही तपासा. फुलपाखरू रेशमी कोशातून निघताना दाखवलं असेल तर तो पतंगाचा थाट! आपल्या फुलपाखराचा कोश रेशमी आवरणाविना, कडक, कमरेला एक धागा. ही चूक मुलांनाच शोधू द्या.

कळव्याहून: धागा बघायला भिंग लागेल?

घोडबंदर: नाही. उजेडाकडे तिरकं धरा, दिसतो.