मदत हवी आहे: अ क्लॉकवर्क ऑरेंजचा शेवट नक्की कसा घ्यायचा?

काल रात्री कुब्रिकचा हा १९७१ चा पिक्चर एकदाचा बघितला आणि डोकं अजून ठिकाणावर नाहीये. मारामारीचे सीन सहन झाले कसेबसे, पण त्याची हिंसा सोडवायची ती ट्रीटमेंट, म्हणजे पिक्चरचा गुंड हिरो अ‍ॅलेक्सला खुर्चीला बांधून, पापण्या चिमट्यांनी उघड्या ठेवून, मळमळ होईल असं इंजेक्शन देऊन हिंसेच्या फिल्म्स दाखवतात ना, तिथे मी चक्क पॉज करून पाणी प्यायला उठलो. आणि बॅकग्राउंडला बीथोव्हन, मग ते संगीत ऐकलं तरी त्याला मळमळ, म्हणजे त्याचा आवडता बीथोव्हनपण गेला की हातातून!

आता प्रॉब्लेम असा की बर्जेसच्या मूळ ब्रिटिश कादंबरीत २१ प्रकरणं आहेत म्हणे आणि शेवटच्यात अ‍ॅलेक्सलाच या सगळ्याचा कंटाळा येतो, मोठा होतो तो. अमेरिकन आवृत्तीत ते प्रकरणच नव्हतं आणि पिक्चरपण त्याच्या आधीच थांबतो. मग खरा शेवट कुठला धरायचा?

ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी प्लीज सांगा, पुस्तक आता वाचू का जरा गॅप घेऊ? त्यातली ती रशियन शब्दांची टपोरी भाषा झेपते का? स्पॉयलर चालतील, काही उरलंच नाहीये आता.