बालाक्लावाच्या वादळाचे चित्र: अस्सल कागद की बखर?

हतनूरकाठ, भुसावळ (प्रश्न)

नमस्कार. मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आमच्या भुसावळात आहे, हे येथील बहुतेक सभासदांना ठाऊक असेल. मद्रासच्या फौजेतील या अधिकाऱ्याने १८४४ पासून अनेक वर्षे अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती केल्या आणि त्यांतील बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. हातात तलवार असलेल्या माणसाने कुंचला कशासाठी घ्यावा, या प्रश्नाचा मागोवा घेत असताना त्याच काळातील दुसऱ्या एका अधिकाऱ्याचे चित्र माझ्या पाहण्यात आले. ब्रिटिश नौदलाच्या ‘रेट्रिब्युशन’ या युद्धनौकेवरील लेफ्टनंट माँटेग्यू ओ’रायली याने १४ नोव्हेंबर १८५४ रोजी काळ्या समुद्रातील क्रिमिया द्वीपकल्पावरच्या बालाक्लावा बंदराबाहेर झालेल्या वादळाचे चित्र काढले आणि त्यावरून लंडनमध्ये शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या, प्रती निघाल्या. तेथे तेव्हा ब्रिटन व फ्रान्स यांचे रशियाशी युद्ध चालू होते.

आमच्या वाचनालयात ‘अधिकारी आणि चित्रकला’ या विषयावर छोटे प्रदर्शन भरवण्याचा विचार चालू आहे आणि त्यात गिल यांच्या शेजारी ओ’रायलीला ठेवावे, असे मला मनापासून वाटते. अडचण एवढीच की गिल यांच्यासमोरची भिंत स्थिर होती. त्यांना आज अर्धा चेहरा रंगवून उद्या परत येता येत होते आणि प्रतिकृती मुळाशी ताडूनही पाहता येत होती. वादळ मात्र कोणासाठी थांबत नाही. ज्या नौकेवर ओ’रायली होता ती स्वतःच त्या दिवशी बुडण्याच्या बेतात होती, तिला हलके करण्यासाठी तोफा समुद्रात लोटाव्या लागल्या होत्या. अशा स्थितीत त्याने पाहिले किती, लक्षात ठेवले किती आणि नंतर रचले किती? हे चित्र घटनेची नोंद म्हणून मांडावे की केवळ एक समुद्रचित्र म्हणून? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मोडीवाचक, धुळे

दादा, प्रश्न फार महत्त्वाचा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या कर्मभूमीत राहणाऱ्या माणसाला तो ‘अस्सल कागद की बखर’ असाच ऐकू येतो. घटनेच्या वेळी, घटनेच्या कामासाठी लिहिलेला कागद वेगळा आणि पुढे कोणाला तरी सांगण्यासाठी लिहिलेली हकीकत वेगळी, हा भेद त्यांनी आपल्याला शिकवला. त्या कसोटीवर पाहिले तर बालाक्लावाच्या वादळाचा अस्सल कागद म्हणजे प्रत्येक जहाजाची रोजनोंदवही. तीत वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा जोर, हवामापकाचा पारा, तुटलेले नांगर आणि टाकलेले सामान हे सारे पहाऱ्यागणिक लिहिले जाई. वाऱ्याच्या जोरासाठी ब्युफर्ट यांनी १८०५ च्या सुमारास आखलेली श्रेणी ब्रिटिश नौदलाने १८३८ मध्ये सक्तीची केली होती, त्यामुळे ‘वारा फार होता’ असे मोघम लिहिण्याची सोय तेथे उरली नव्हती.

त्या तुलनेत हे चित्र अर्थातच नंतरचे आहे. शिळाछापाची प्रक्रिया लक्षात घेतली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. अधिकाऱ्याचे मूळ रेखाटन लंडनला जाई, तेथे दुसरा कारागीर तेलकट खडूने ते दगडावर उतरवी आणि रंगाच्या छटांसाठी वेगळे दगड वापरले जात. म्हणजे आपल्यासमोर येते ती ओ’रायलीची साक्ष खरी, पण दुसऱ्याच्या हाताने नकललेली. मोडी कागदाची बाळबोध नक्कल वाचताना नक्कलकाराचा हात कोठे चालला असेल हे आपण जसे मनात ठेवतो, तसेच येथेही ठेवावे लागते. एखादी लाट अधिक उंच झाली असेल, आकाश अधिक काळे झाले असेल, खरेदीदाराला थरार वाटावा म्हणून कडा अधिक जवळ आला असेल. शिवाय अशा समुद्रचित्रांत पाहणारा बहुधा जहाजांच्या बाहेर, पाण्याच्या पातळीजवळ कोठेतरी उभा असतो आणि त्या सकाळी त्या जागी कोणीही जिवंत उभे राहू शकले नसते.

तरीही मी त्याला बखर म्हणून बाजूला सारणार नाही. बखरकार बहुधा तेथे नसतो, ओ’रायली तेथे होता. विल्यम सिम्प्सन या नामवंत चित्रकाराशी त्याची तुलना करून पाहा. युद्धाची चित्रे काढण्यासाठी लंडनच्या प्रकाशकाने मुद्दाम पाठवलेला हा माणूस बालाक्लावाला पोहोचला तो १५ नोव्हेंबरला, म्हणजे वादळाच्या दुसऱ्या दिवशी. पेशाने चित्रकार असलेल्याला फुटलेली लाकडे पाहायला मिळाली आणि पेशाने नाविक असलेल्याला वादळ. छायाचित्रकार रॉजर फेंटन तर १८५५ च्या मार्चमध्ये आला. त्याच्या ओल्या काचपट्टीच्या तंत्राला काही सेकंदांचा स्थिर प्रकाश लागे, त्यामुळे तो आधी आला असता तरी लाटा त्याच्या काचेवर उमटल्या नसत्या. त्या दिवसापुरती हाताने काढलेल्या चित्राला पर्यायी साधनच नव्हते, ही गोष्ट आपल्या प्रदर्शनात ठळकपणे यायला हवी.

जुना दर्यावर्दी, फैजपूर

मी आयुष्याची बरीच वर्षे व्यापारी जहाजांवर काढली आहेत, म्हणून नाविकाच्या बाजूने लिहितो. मोडीवाचक साहेबांनी लाटांच्या उंचीबद्दल जी शंका घेतली आहे ती रास्त आहे, कारण डेकवरून लाटेची उंची कोणालाच नेमकी कळत नाही आणि घाबरलेल्या माणसाला ती मोठीच दिसते. पण नाविक अधिकारी चित्र काढतो तेव्हा काही गोष्टी तो चुकूच शकत नाही. वारा कोणत्या अंगाने आहे, त्या वाऱ्यात नांगरलेल्या जहाजाचे तोंड कोठे असेल, साखळदंड कोणत्या कोनात ताणला जाईल, कोणती डोलकाठी तोडली असता काय कोसळेल, हे त्याचे रोजचे काम असते. त्या काळी किनाऱ्याची रेखाटने काढणे हाही नौदलातील अधिकाऱ्याच्या शिक्षणाचा भाग होता. पोर्ट्समथच्या नौदल विद्यालयात अठराव्या शतकापासून चित्रकला शिकवली जाई, कारण अनोळखी किनारा पुढच्या जहाजाला ओळखता यावा म्हणून नकाशासोबत त्याचे समुद्रावरून दिसणारे रूपही द्यावे लागे. म्हणून बालाक्लावाचे कडे आणि जहाजांची स्थिती यांवर मी जास्त विश्वास ठेवीन, पाण्याच्या उसळीवर कमी.

ती जागा कशी होती हे समजल्याशिवाय चित्र उमगणार नाही. बालाक्लावाचे बंदर म्हणजे उंच डोंगरांमध्ये शिरलेली अरुंद, वाकडी खाडी. आत जहाजांची दाटी झाली होती, म्हणून अनेक जहाजे बाहेर, सरळ उभ्या कड्यांच्या पायथ्याशी नांगर टाकून होती. तेथे तीस वावांच्या (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) पुढे पाणी आणि तळ खडकाळ, म्हणजे नांगराला धड पकड नाही. वारा समुद्राकडून जमिनीकडे सुटला की अशा जागी जहाजाला पळायला वाट उरत नाही. वाफेवर चालणारी जहाजे इंजिन पुढे चालवून साखळदंडावरचा ताण कमी करू शकत होती. शिडांच्या मालवाहू जहाजांना तोही आधार नव्हता. ‘प्रिन्स’ या मोठ्या जहाजाला पाण्याखाली वाफेवर फिरणारा पंखा होता, पण वाऱ्याचा भार कमी करण्यासाठी मागची डोलकाठी तोडली तेव्हा तिचे दोर पंख्यात अडकले आणि जहाज निराधार झाले. त्यावरील सुमारे दीडशे माणसांपैकी मोजकीच वाचली. सेवास्तोपोल या रशियन बंदराला वेढा घातलेल्या सैन्यासाठी आणलेले हिवाळ्याचे कपडे त्याच जहाजात होते. त्यानंतरचा हिवाळा त्या सैन्याने कसा काढला, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या चरित्रामुळे आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहे. त्या नुकत्याच, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, इस्तंबूलजवळच्या स्कुतारीच्या रुग्णालयात आल्या होत्या.

आमच्या रावेर-यावलकडे मे-जूनच्या वादळात केळीच्या बागा आडव्या होतात तेव्हा तलाठी पंचनामा करतो. तो वादळ पाहत नाही, पडलेली खोडे मोजतो, तरी भरपाई त्या कागदावरच ठरते. ओ’रायलीच्या चित्राकडून पंचनाम्याचे काम मागू नये. तोफा लोटताना हाताला आलेला घाम आणि कड्याकडे सरकणारे शेजारचे जहाज पाहून काहीही करता न येणे, हे ज्याने भोगले त्याच्या हातचे ते चित्र आहे आणि त्याची किंमत मला त्यातच दिसते. ‘रेट्रिब्युशन’ तरली म्हणून ते निघू शकले.

भूगोल शिक्षिका, अमळनेर

काकांनी जागेचे वर्णन इतके स्वच्छ केले आहे की माझ्या विद्यार्थ्यांना ते वाचून दाखवणार आहे. मला येथे याच वादळाच्या दुसऱ्या एका चित्राची भर घालायची आहे. ते कुंचल्याने काढलेले नाही.

त्याच दिवशी क्रिमियाच्याच किनाऱ्यावरील येवपातोरियाजवळ फ्रेंचांची ‘आंरी कात्र’ ही मोठी युद्धनौका किनाऱ्यावर आदळून निकामी झाली, म्हणून फ्रान्सचे युद्धमंत्री मार्शल व्हायां यांनी पॅरिस वेधशाळेचे प्रमुख उर्बां ल व्हेरिये यांना या वादळाचा तपास करण्यास सांगितले. गणिताच्या बळावर नेपच्यूनचे स्थान सांगणारे ते हेच. त्यांनी ठिकठिकाणच्या वेधकर्त्यांना पत्रे पाठवून १२ ते १६ नोव्हेंबर या दिवसांच्या हवेच्या नोंदी मागवल्या आणि अडीचशेच्या आसपास उत्तरे आली. ती एकत्र मांडल्यावर दिसले की वादळ काळ्या समुद्रात अकस्मात उपजले नव्हते. ते पश्चिमेकडून युरोप ओलांडत पूर्वेकडे सरकत आले होते. तारायंत्राने वर्दी पुढे धाडली असती तर जहाजांना सावध करता आले असते, हा त्याचा सरळ अर्थ. १८५५ च्या फेब्रुवारीत ल व्हेरिये यांनी तारायंत्राने जोडलेल्या वेधकेंद्रांची योजना तिसऱ्या नेपोलियनपुढे ठेवली आणि ती मंजूर झाली. आपल्याकडेही असेच घडले आहे, १८६४ च्या ऑक्टोबरातील कलकत्त्याच्या चक्रीवादळानंतर आणि पाठोपाठच्या दुष्काळांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले.

म्हणून माझी विनंती अशी की प्रदर्शनात ओ’रायलीच्या चित्राशेजारी युरोपचा एक साधा नकाशा लावावा आणि वादळाची पश्चिमेकडून काळ्या समुद्राकडे येणारी वाट बाणाने दाखवावी. ओ’रायलीने जे पाहिले ते एका जहाजावरून दिसण्याजोगे होते. हे वादळ कोठून आले, हे तेथल्या कोणत्याच डेकवरून दिसू शकले नसते, मग तो कितीही चांगला चित्रकार असो.

हतनूरकाठ, भुसावळ

आपणा तिघांचे मनापासून आभार. नकाशाची सूचना तत्काळ मान्य आहे, तो मीच काढीन. एक शंका मात्र उरते. गिल यांच्या मूळ तैलप्रतिकृती एकेकच असल्यामुळे बहुतेक आगीत गेल्या आणि ओ’रायलीचे चित्र दगडावरून अनेक प्रतींत छापले गेल्यामुळे टिकले. मग दुसऱ्याच्या हाताची नक्कल, जिच्याबद्दल साहेबांनी सावध केले, तीच त्याच्या टिकण्याचे कारण ठरली. चित्राखालच्या पाटीवर हे कसे मांडावे?

मोडीवाचक, धुळे

दोन्ही गोष्टी एकाच पाटीवर लिहाव्यात, त्यांत विरोध नाही. पेशव्यांच्या काळातील कित्येक पत्रांची मुळे गेली आणि नकलाच उरल्या. आपण त्या वापरतो, पण ‘नक्कल’ असा शेरा मारून. पाटीचा मजकूर मी असा सुचवतो: “बालाक्लावा बंदराबाहेरील वादळ, १४ नोव्हेंबर १८५४. वादळात सापडलेल्या ‘रेट्रिब्युशन’ नौकेवरील लेफ्टनंट माँटेग्यू ओ’रायली यांच्या रेखाटनावरून लंडनमध्ये केलेला शिळाछाप. कडे आणि जहाजे नाविकाच्या नजरेची, लाटा आणि आकाश आठवणीतून व छापणाऱ्याच्या हातून आलेले.” गिल यांच्या पाटीवरही हाच नियम पाळावा आणि जे काही मांडाल ते मूळ तैलचित्राचे आहे की नंतरच्या छायाचित्राचे, हे स्पष्ट लिहावे. नकाशा मात्र चित्राच्या उजव्या हाताला लावा, म्हणजे पाहणारा आधी जहाजे पाहील आणि मग वादळाची वाट.