डॉक्टर हू : पुन्हा पाहिल्यावर कुठली गोष्ट अजून घाबरवते? (गोष्टी फुटतील, जपून वाचा)

काजवा
काल रात्री पाऊस लागून राहिला होता आणि एकदम बिलीचा पाऊस आठवला. राहवेना, 'ब्लिंक' लावला. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतला २००७ चा भाग. डॉक्टर म्हणजे तिचा काळातून फिरणारा नायक. शाळेत असताना पाहिला तेव्हा कितीतरी दिवस अंधारा जिना डोळे ताणून चढायचे. पापणी लवली तर मागे कुणीतरी येईल म्हणून.

देवदूतांच्या पुतळ्यांची भीती कालही वाटलीच. आपण बघतोय तोवर दगड, नजर हटली की हलणार. अख्ख्या भागात ते हलताना एकदाही दिसत नाहीत, फक्त दर वेळी आधीपेक्षा जवळ असतात. पण काल हादरले ती भलत्याच जागी. देवदूताने स्पर्श केला की माणूस भूतकाळात फेकला जातो. नायिका सॅलीची मैत्रीण कॅथी १९२० मध्ये इंग्लंडमधल्या हल शहरात जाऊन पडते, तिथेच संसार करते, आणि तिचं पत्र घेऊन तिचा नातू त्या पडक्या घराच्या दारात सॅलीसमोर उभा. सॅलीच्या लेखी कॅथी आत्ता याच घरात होती! सॅलीला भेटलेला पोलीस बिली १९६९ मध्ये. थोड्या वेळापूर्वी मरणाचा उत्साही तरुण, आणि त्याच दिवशी इस्पितळात म्हातारा होऊन पडलेला. हातात वेळ किती, तर पाऊस थांबेपर्यंत.

आपण जे दिवस जगलो असतो ते दिवस हे देवदूत खातात. लहानपणी ही ओळ कानावरून गेली होती. मधे माझी एक जिवलग मैत्रीण गेली. काल ती ओळ आली आणि मी तिथेच थांबवून बसून राहिले.

तुमचं सांगा. कुठली गोष्ट, आणि आता भीती कुठे लागते?

रातकिडा
मिडनाइट. विषय संपला.

दुपारची_झोप
काजवा, मैत्रिणीबद्दल वाचून गलबललं. बाळ मांडीवर झोपलंय, एका हाताने लिहितेय, चुका समजून घ्या.
माझा तो गॅसमास्कवाला मुलगा, २००५. बॉम्ब पडताहेत, लंडन काळोखात, आणि दाराबाहेरून एक पोर विचारतंय 'तू माझी आई आहेस का'. तेव्हा मी कानात बोटं घातली होती. आता तोच आवाज ऐकला आणि वाटलं दार उघडा ना कुणीतरी. नॅन्सी त्याला भाऊ म्हणत असते आणि शेवटी हो म्हणते, मीच तुझी आई. तिथे मी

दुपारची_झोप
उठलं. नंतर येते.

चकवा
@रातकिडा, विषय संपवू नका, लिहा की!

रातकिडा
बरं. २००८. मिडनाइट नावाच्या ग्रहावर गाडी बंद पडलेली, बाहेर जिथे काहीच जगू शकत नाही तिथून कुणीतरी पत्रा ठोकतंय. मग ते एका बाईच्या आत येतं आणि सगळ्यांचं बोलणं परत म्हणायला लागतं. मग बरोबरीने. मग डॉक्टरच्या आधी. ते काय आहे हे शेवटपर्यंत दाखवत नाहीत. पण मला भीती प्रवाशांची वाटते. साधी माणसं, थोड्या वेळापूर्वी हसत बोलत होती, तीच डॉक्टरला बाहेर फेकायला निघतात. आणि ज्या परिचारिकेने सगळ्यांना वाचवलं तिचं नाव कुणालाच माहीत नसतं. मी पण पहिल्यांदा पाहताना तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. हे अजून टोचतं.

चकवा
परिचारिका म्हणजे नर्स होईल ना? गाडीतली होस्टेस.

रातकिडा
हो, होस्टेस. घाईत लिहिलं.

पाणकोंबडा
२०२५ च्या 'द वेल'मध्ये त्याच ग्रहावर परत

चकवा
थांबा थांबा, पाहायचाय अजून!

पाणकोंबडा
माफ करा. गप्प.

जुनी_चावी
मला सुरुवातीचं संगीतच पुरेसं होतं. ती सुरावट ऐकली की पाय वर घ्यायचे. रॉन ग्रेनरची रचना, पण १९६३ मध्ये डेलिया डर्बिशायरने एकेक स्वर टेपवर घेऊन, टेप कापून, जोडून ती घडवली. पडद्यावर तिचं नाव यायला २०१३ उजाडलं, तोवर ती या जगात नव्हती. कधीही ऐका, अंगावर काटा येतो.

पाणकोंबडा
जुनी_चावी, १९६८ चा 'वेब ऑफ फिअर' पाहिलात का? भुयारी रेल्वेत यती. कितीतरी वर्षं त्याचा फक्त पहिला भाग शिल्लक होता, बाकीचे नायजेरियात सापडले. तिसरा अजून नाहीच.

जुनी_चावी
पाहिला. कृष्णधवल असल्यामुळे बोगदे जास्त खोल वाटतात.

उंबरठा
मी एकही भाग पाहिलेला नाही. साठ वर्षांचं सगळं बघत बसावं लागेल का?

काजवा
अजिबात नाही. ब्लिंकनेच सुरू करा. डॉक्टर त्यात थोडाच वेळ आहे, गोष्ट सॅलीची आहे. मागचं काही माहीत नसलं तरी अडत नाही.
@दुपारची_झोप, दार उघडा ना कुणीतरी, हे वाचून मला तो भाग आता पुन्हा पाहायचाय.

दुपारची_झोप
झोपलं परत. पाहा, पण दोन्ही भाग एका बैठकीत पाहा. त्या भागात शेवटी सगळे वाचतात, एकूण एक. डॉक्टर आनंदाने ओरडतो ते ऐकायला हवं तुम्ही.

काजवा
हो. आजच.

उंबरठा
लावलाय. ती भिंतीवरचा कागद सोलतेय आणि खाली तिचंच नाव लिहिलेलं आहे. नंतर बोलते.