दोनच मुलांचा कायदा सगळ्यांना लावा, पटतंय का?

दिवा स्लो
काल परत लोकल सोडावी लागली, दिवा स्टेशनला चढताच येईना. ९ जून २०२५ ला मुंब्र्याला दारात लटकलेली माणसं खाली पडली, पाच जण गेले, दोन दिवस सगळे हळहळले आणि मग परत तेच लटकणं चालू. प्रत्येक वेळी उत्तर काय तर गाड्या वाढवा, पूल बांधा, मेट्रो आणा. अरे पण माणसंच कमी करा असं कोणी का बोलत नाही?? २०११ च्या जनगणनेत आपला ठाणे जिल्हा लोकसंख्येत देशात पहिला होता, १ कोटी १० लाख, शेवटी २०१४ ला पालघर वेगळा काढावा लागला. २०२३ ला देश म्हणून चीनलाही मागे टाकलं. आणि नियम नाहीत असंही नाही, राज्य सरकारच्या नोकरीत २००५ पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र आहे, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर नगरसेवकाची निवडणूक लढवता येत नाही. मग हा नियम क्लार्कला आणि नगरसेवकालाच का, सगळ्यांना लावा. तिसऱ्याला रेशन बंद, योजना बंद. कडक वाटेल पण माझं मत हेच आहे.

घोडबंदर ट्रॅफिक
भाऊ गर्दीचा त्रास मलाही आहे, मी रोज घोडबंदर रोडवर सडतो, पण तुझं निदानच चुकतंय. २००१ ते २०११ मध्ये ठाणे जिल्हा ३६ टक्के वाढला आणि महाराष्ट्र १६ टक्के. आता ठाण्यातल्या बायकांना बाकी राज्याच्या दुप्पट मुलं होतात का? नाही ना. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली. म्हणजे गिरगाव, लालबाग, परळची माणसं चाळ पडली, टॉवर उभा राहिला, भाडं परवडेना म्हणून डोंबिवली, दिवा, कळवा करत इकडे आली आणि नोकरी राहिली तिकडेच, बीकेसीला नाहीतर लोअर परळला. तुझ्या डब्यातली गर्दी पाळण्यातून आलेली नाही, ट्रकमध्ये सामान भरून आलीय. महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ आहे, लोकसंख्या टिकून राहायलाच २.१ लागतो. आधीच दोनच्या खाली आलेल्या लोकांना दोनचा कायदा लावून काय मिळणार ते सांग.

दिवा स्लो
महाराष्ट्राचा १.७ मान्य. बिहारचा ३ आहे, यूपीचा २.४. आणि ते लोक कुठे येतात? म्हणूनच म्हणतोय देशभर कायदा करा, आम्ही दोनवर थांबायचं आणि जागा दुसऱ्यांनी भरायची हा कुठला न्याय.

खारघरची पूर्वा
बिहारचा त्याच्या आधीच्या सर्वेक्षणात ३.४ होता, तो ३ वर आला, कोणाचंही रेशन न तोडता. पोरी शाळेत जास्त वर्षं टिकल्या, लग्नं थोडी उशिरा व्हायला लागली, दवाखाना जवळ आला की हे आपोआप होतं, आपल्याकडेही असंच झालं, आपल्या आज्यांना सहासात मुलं होती की. आमचा इस्त्रीवाला जौनपूरचा, स्वतः सहा भावंडांतला, त्याला दोन आहेत आणि दोघंही ट्यूशनला जातात, तो मलाच विचारतो ताई अजून एक कसं परवडेल. आणि एक साधा हिशोब कर, आज कायदा केलास तरी त्याचा फरक तुझ्या गाडीत दिसायला वीसेक वर्षं लागतील, कारण दारात लटकणारा माणूस ऑलरेडी जन्मलेला आहे. त्याला आत्ता डबा पाहिजे.

कट्टर ठाणेकर
सगळे गोल गोल बोलतायत, एक विशिष्ट समाज दोनवर थांबत नाही हे कोणी लिहिणार नाही. कायदा त्यांच्यासाठीच हवाय.

घोडबंदर ट्रॅफिक
आला हा मुद्दा, वाटच बघत होतो. याच सर्वेक्षणांत मुस्लिमांचा दर १९९२-९३ ला ४.४ होता तो २०१९-२१ ला २.४ झाला, हिंदूंचा ३.३ वरून १.९. सगळ्यात जोरात कुणाचा उतरला ते तूच बघ. केरळ आणि बिहारमधला फरक हिंदू-मुस्लिम फरकापेक्षा मोठा आहे.

तिसरी मुलगी
मी घरातली तिसरी. वर दोन बहिणी, मुलासाठी चान्स घेतला आणि मी आले. त्यामुळे 'तिसऱ्याचं रेशन बंद' वाचताना जरा हसूच आलं. दिवा स्लो, तुम्ही कायदा करा म्हणता तेव्हा घरात काय होतं ते मी सांगते. दोनच मुलं आणि त्यात एक मुलगा पाहिजेच, हे दोन्ही एकत्र आलं की दुसऱ्या वेळी सोनोग्राफीवाला शोधतात. गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा १९९४ चा, आणि २०११ ला बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली ८०७. अख्ख्या राज्यात ८९४. मुलगाच हवा हे डोक्यातून गेलेलं नसताना वर दोनची सक्ती आणली तर कोण कमी होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. चीनने १९८० पासून एकच मूल करून हे बघितलंय, तिथे मुलांची लग्नं होईनात, २०१६ ला दोनची परवानगी दिली, २०२१ ला तीनची, तरी २०२२ पासून लोकसंख्या घटतेच आहे.

सानपाडा आजोबा
सर्वांना नमस्कार. मी सरकारी नोकरीतून निवृत्त. तुम्हा मुलांना ठाऊक नसेल, पण १९७६ साली आपल्याच विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, देशात असं करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. त्या वर्षी देशभरात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या. आमच्या ऑफिसात केसेसचं टार्गेट असे, मास्तर लोक तर माणसं शोधत गावोगाव फिरायचे. पुढे १९७७ ला सरकार पडलं आणि त्यानंतर पुरुष नसबंदीचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही, सगळा भार बायकांवर गेला. तरीपण मी दिवा स्लो यांच्याशी निम्मा सहमत आहे. लोकसंख्या हा प्रश्नच नाही असं म्हणणारे मला पटत नाहीत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरी गेली, खटले झाले, तरी माणूस हटला नाही, आणि १९३८ ला मुंबईच्या विधिमंडळात डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे संततिनियमनाचा ठराव आला तो पडला. ही आपली परंपरा आहे, नियंत्रण हवंच. फक्त ते समजावून आणि साधनं हातात देऊन.

कोपरखैरणे सेक्रेटरी
आजोबा परंपरा ठीक आहे, नियमाची गंमत ऐका. २०१९ ला सहकार कायद्यात हाउसिंग सोसायट्यांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यात कमिटीवर बसायला दोनपेक्षा जास्त मुलं नकोत असं आहे. आमच्या खजिनदारांना तीन मुली. कोणीतरी पार्किंगच्या भांडणातून अर्ज टाकला आणि माणूस कमिटीतून गेला. सोसायटीत टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येणारा तेवढा एकच होता! आता ऑडिट कोण करून घेणार यावर मीटिंगा चालूयत. देशाची लोकसंख्या किती कमी झाली ते देवाला माहीत.

दिवा स्लो
एक पार्किंगचं भांडण म्हणून नियम वाईट ठरत नाही. आणि आजोबा म्हणतायत तेच मी म्हणतोय, प्रश्न आहेच. पाणी बघा. भातसा, तानसा सगळं भरलं तरी मे महिन्यात कपात. माणसं वाढत राहिली तर पाणी आणणार कुठून?

खारघरची पूर्वा
पाण्याचं उदाहरण तरी नको द्यायचं होतंस. भातसा आणि तानसा दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि त्याच शहापुरातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. धरणाच्या उशाशी राहणारी बाई डोक्यावर हंडा घेऊन चालते आणि इकडे टॉवरला स्विमिंग पूल. त्या बाईची दोन मुलं आणि टॉवरमधल्या जोडप्याचं एक मूल, पाणी कोण जास्त वापरतं? डोकी मोजून हे कळणार नाही.

अजून एक मुंबईकर
मला तर उलटी भीती वाटते. आंध्रने २०२४ ला स्थानिक निवडणुकांसाठीची दोन मुलांची अट काढून टाकली, चंद्राबाबू तर लोकांना जास्त मुलं करा सांगतायत. दक्षिण कोरियाचा जननदर २०२३ ला ०.७२ वर. आमच्या नेरूळच्या बिल्डिंगमध्ये एकेका फ्लॅटमध्ये दोन म्हातारे आणि मुलगा अमेरिकेत. त्यांना दवाखान्यात कोण नेणार, वॉचमन?

दिवा स्लो
कोरियाची काळजी दिव्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून होत नाही मित्रा. माझं मत बदललेलं नाही. सक्ती शब्द टोचत असेल तर दोनवर थांबणाऱ्याला टॅक्समध्ये सूट द्या, पण काहीतरी करा.

तिसरी मुलगी
काहीतरी म्हणजे काय ते मी सांगते. देशात लग्न झालेल्या बायकांपैकी ३८ टक्के बायकांचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं आहे. पुरुष नसबंदीवर भिस्त असलेल्या किती, तर ०.३ टक्के. २०१४ ला बिलासपूरला एका शिबिरात एका डॉक्टरने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली, १३ बायका गेल्या. धाग्यावर कायदा मागणारे बहुतेक पुरुष दिसतायत म्हणून विचारते, दिवा स्लो तुम्ही करून घेतलंय का?

दिवा स्लो
हा पर्सनल प्रश्न आहे, धाग्याशी संबंध नाही.

तिसरी मुलगी
कायदा काय सार्वजनिक ठिकाणी लागू होणार होता का 😄

कट्टर ठाणेकर
पुरुषाने केलं की ताकद जाते, जड कामं होत नाहीत. उगाच काहीही.

सानपाडा आजोबा
साफ चूक. माझं १९८४ ला झालंय, त्यानंतर गावचं घर मी स्वतः उभं राहून बांधून घेतलं. आता तर बिनटाक्याची असते, सरकारी दवाखान्यात फुकट, थोड्या वेळात मोकळे, त्याच दिवशी घरी. फक्त एक लक्षात ठेवा, लगेच परिणाम होत नाही, तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. बरेच जण ते तपासायला जात नाहीत आणि नंतर डॉक्टरला शिव्या घालतात.

दिवा स्लो
आजोबा, व्यनि (खासगी निरोप) केलाय, बघा.