‘व्हेजिटेटिव्ह’ हा शेरा स्कॅनशिवाय मारावा का?

मेंदूवेध (धागाकर्ता)
डोळे उघडतात, झोप-जाग चालू असते, श्वासही चालतो, पण जाणिवेचा पुरावा काही मिळत नाही. या अवस्थेला जेनेट आणि प्लम यांनी १९७२ साली ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ असं नाव दिलं. माझं मत: फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कोणता भाग कामाला लागला ते दाखवणारा स्कॅन) किंवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) केल्याशिवाय हा शेरा फाइलवर चढवूच नये. २००६ साली एड्रियन ओवेन यांच्या चमूने अशाच एका रुग्ण बाईंना स्कॅनरमध्ये ‘टेनिस खेळताय अशी कल्पना करा’ असं सांगितलं, आणि त्यांच्या मेंदूतला हालचालींचं नियोजन करणारा भाग निरोगी माणसासारखाच कामाला लागला. २०२४ च्या बहुकेंद्री अभ्यासात, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांच्या मेंदूने सूचना पाळल्याचं स्कॅन किंवा ईईजीवर दिसलं. चौघांत एक! युरोपियन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीचा २०२० चा सल्लाही हाच: खाटेपाशी केलेली तपासणी, ईईजी, इमेजिंग (मेंदूचे स्कॅन) यांपैकी ज्यात सर्वात वरची पातळी दिसेल ती धरा.

खाटेपाशी
साफ असहमत. त्याच अभ्यासाची दुसरी बाजू सोयीस्करपणे गाळलीत. समोर सूचना पाळून दाखवणारे ११२ जणही त्यात होते. यंत्राला त्यांतले ४३ च सापडले. म्हणजे धडधडीत शुद्धीच्या खुणा दाखवणाऱ्या ६९ जणांना यंत्राने नापास केलं. शिवाय ते २४१ सगळे व्हेजिटेटिव्ह नव्हते, कोमातले आणि किमान शुद्धीच्या (जाणिवेच्या थोड्याच, पण खऱ्या खुणा दिसतात ती अवस्था) खालच्या पायरीवरचेही त्यात होते. स्कॅन ‘हो’ म्हणाला तर ते मोलाचं. ‘नाही’ म्हणाला तर त्यावरून काहीच ठरत नाही.

खरी गळती खाटेपाशीच आहे. २००९ च्या अभ्यासात डॉक्टरांनी एकमताने व्हेजिटेटिव्ह ठरवलेल्या ४४ पैकी १८ जण किमान शुद्धीत निघाले. कशाने? सीआरएस-आर या खाटेपाशीच रुग्णाचे प्रतिसाद तपासून गुण देणाऱ्या २३ गुणांच्या श्रेणीने. त्यात स्कॅनरचा काही संबंध नव्हता.

त्या श्रेणीतल्या आरशाच्या चाचणीचंच घ्या. बोट किंवा टॉर्च फिरवून ‘नजर फिरत नाही’ असं लिहून मोकळे होतात. हातात धरायचा आरसा चेहऱ्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर धरायचा, रुग्णाला स्वतःचा चेहरा दिसला पाहिजे. मग सावकाश डावी-उजवीकडे आणि वर-खाली ४५ अंश न्यायचा, प्रत्येक दिशेला दोनदा. नजर न सुटता दोनदा मागे आली तर तो रुग्ण व्हेजिटेटिव्ह राहत नाही. स्वतःच्या चेहऱ्यामागे नजर जाते, परक्या वस्तूमागे बरेचदा जात नाही.

स्नायूसंधी
+१, पण सूचना कोणती देताय तेही बघा. ‘माझा हात दाबा’ ही सर्वात वाईट. तळव्याला स्पर्श झाला की मूठ आपोआप वळते, आणि नातेवाईक म्हणतात ‘बघा, ओळखलं!’ ‘डोळे मिटा’ही तसंच, पापण्या एरवीही लवतातच. म्हणून आधी एक मिनिट काहीही न बोलता आपोआप काय हलतंय ते टिपायचं. मग जी हालचाल त्या रुग्णाला मुळात जमते तीच सांगायची, चार वेळा, दर वेळी दहा सेकंद थांबून.

आणि एका तपासणीवर निकाल नको. शुद्ध सकाळी असते, दुपारी नसते. दोन आठवड्यांत किमान पाच वेळा तपासा, असं २०१७ च्या संशोधनाचं सांगणं.

मेंदूवेध
पाच वेळा तपासलं तरी ज्याचे हातपायच चालत नाहीत त्याचं काय? आरसा आणि सूचना, दोन्हींना स्नायू लागतात.

खाटेपाशी
मुद्दा रास्त आहे, आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरोलॉजीचा २०१८ चा सल्लाही तिथेच येतो: वारंवार तपासूनही संदिग्धता उरली तर इमेजिंग किंवा ईईजी वापरता येईल. ‘उरली तर’. सरसकट नव्हे.

औषधपेटी
दोघेही एक पायरी गाळताय. आधी औषधांचा तक्ता काढा. बॅक्लोफेन (ताठर स्नायू सैल करणारं औषध), झोपेची औषधं, फिटच्या गोळ्यांचा भरमसाट डोस, यांनी माणूस गुंगीतच राहतो. मग जलशीर्ष (मेंदूत पाणी साचणं), अंगात न दिसणारे झटके (हे ईईजीवरच कळतात), ताप, बहिरेपण, मोतीबिंदू. वाचाघात (मेंदूच्या इजेने भाषाच न उमगणं) असेल तर सूचनाच कळत नाही. तिथे ‘सूचना पाळत नाही’ या नोंदीला अर्थ काय?

आणि स्कॅनवाल्यांना एक विचारतो. रुग्ण हलतो म्हणून एमआरआयच्या आधी गुंगीचं औषध देतात, आणि त्याच गुंगीत ‘टेनिसची कल्पना करा’ सांगतात. असा अहवाल फाइलला लावण्याआधी त्या गुंगीच्या औषधाची वेळ आणि मात्रा त्यावर कोणी लिहितं का?

मेंदूवेध
लिहीत नाहीत, हे खरं. ठीक, प्रस्ताव बदलतो: शेरा लिहिताना त्याखाली पाचही तपासण्यांच्या तारखा, वेळा आणि त्या दिवशीची औषधं हवीत. या पाच तपासण्या एकमेकींशी जुळत नसतील किंवा हातपाय हलत नसतील, तर स्कॅन सक्तीचा. ‘उरली तर’वर मी थांबणार नाही.