चर्चा: ‘अधातू वीज व उष्णतेचे दुर्वाहक’ हे वाक्य तक्त्यावर लिहावं का?

मास्तर_फोंडा
विज्ञान प्रदर्शनाचे तक्ते होतायत. "अधातू वीज व उष्णतेचे दुर्वाहक, अपवाद ग्राफाइट" असं लिहिलं तर काहींनी नाकं मुरडली. दहावीला एवढं पुरे. गंधकाच्या खड्याला मल्टिमीटर लावा, रोध अमर्याद दाखवेल. एका अपवादापायी नियम कशाला मोडायचा?

वायरमन_डिचोली
एकच अपवाद? खिशातला टेस्टर बघा. आतल्या दिव्यात निऑन, म्हणजे अधातूच. कमी व्होल्टेजला गप्प, फेजला टेकवला की पेटतो.

मास्तर_फोंडा
तो मुद्दा गैरलागू. तेवढ्या जोरापुढे वायूचे आयन होतात. आभाळातली वीज कोसळते तीही हवेतूनच, म्हणून हवेला सुवाहक म्हणायचं का?

सराफकट्टा_म्हापसा
मास्तर, घोळ तुमच्या ‘व’ मध्ये आहे. हिरा वीज नेत नाही, पण उष्णता नेण्यात तांब्याला कितीतरी मागे टाकतो: तांबं सुमारे 400 वॅट प्रति मीटर केल्विन, चांगला हिरा 2000 च्या आसपास. धातूत उष्णता मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉन नेतात, हिऱ्यात घट्ट बांधलेल्या अणूंचे कंप. हिरा तपासायचं पेन यावरच चालतं. तापलेलं टोक खड्याला टेकवलं की उष्णता झपकन ओढली जाते. काच किंवा झिर्कोनिया (नकली हिरा) असेल तर नाही. मोझनाइट, हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा, मात्र या पेनाला फसवतो, तोही उष्णता चांगली नेतो, म्हणून विजेची वेगळी चाचणी लागते.
ग्राफाइट आणि हिरा, दोन्ही कार्बनच. तेव्हा नुसतं मूलद्रव्य नको, अपरूपही, म्हणजे त्याचं कोणतं रूप तेही, लिहा.

वायरमन_डिचोली
पटलं. प्रयोग ठेवणार असाल तर: 6बी पेन्सिल दोन्ही टोकांना तासा, 9 व्होल्टची बॅटरी, 470 ओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी, सगळं एकामागोमाग. रेझिस्टर विसरलात तर एलईडी जाईल, पेन्सिलीतल्या नुसत्या शिशाचा, म्हणजे ग्राफाइटच्या कांडीचा, रोध त्याला वाचवायला पुरत नाही. खाली पडलेली पेन्सिल घेऊ नका. आत शिसं तुटलेलं असतं आणि मुलं ‘ग्राफाइट वाहत नाही’ असं लिहून मोकळी होतात. रंगीत पेन्सिलीत मेण नि रंग, ती पेटवणार नाही. चुलीतला करवंटीचा कोळसाही बहुधा दगा देतो, तो पुरेशा तापमानाला भाजलेला नसतो.
आणि मीटरच्या दोन्ही टोकांची धातू बोटांनी दाबून धरू नका. पावसाळ्यात घामट हातांनी गंधकही ‘वाहतो’. आकडा तुमच्या अंगाचा असतो.

मास्तर_फोंडा
ठीक, ‘व’ काढला. वीज आणि उष्णता वेगळ्या रकान्यांत, हिरा नि ग्राफाइट वेगळ्या ओळींत. पण पेपरात कोणी जुनं वाक्य लिहिलं तर गुण कापणार नाही. निऑन मात्र तक्त्यावर नको.

वायरमन_डिचोली
नसेना का. फक्त टेस्टर टेबलावर ठेवू नका, कोणीतरी तो घेऊन सॉकेटकडे जाणारच.