एकलहऱ्याचे जुने संच भंगारात जाण्याआधी स्कॅन करावेत का?

गोदाकाठचा_गणू :
नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक केंद्रातले १४० मेगावॅटचे पहिले दोन वीजनिर्मिती संच १९७० च्या आसपासचे, ते केव्हाच बंद झाले. मागचे २१० चे तिघंही म्हातारे. आज ना उद्या लिलाव ठरलेला. माझं म्हणणं एवढंच की गॅस कटर लागण्याआधी सगळं आतून-बाहेरून लेझर स्कॅन करून घ्या. यंत्र सेकंदाला लाखो बिंदू मोजतं, बॉयलरचा अख्खा सांगाडा पाईपांसकट संगणकात उतरतो.

नाशिक म्हणजे देवळं आणि द्राक्षं, एवढंच आपण पाहुण्याला दाखवतो. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत घोड्यांची ट्राम होती, १८८९ ची. १९३० च्या दशकात ती बंद पडली. पोरांना सांगितलं तर हसतात, कारण रूळ नाहीत, डबे नाहीत. त्याच इमारतीसमोर मोबाईल धरला आणि चार घोडे डबे ओढताना दिसले, तर काय बिघडलं? २०२७ च्या कुंभासाठी पैसा येतोच आहे, चिमूटभर इकडे वळवा.

भद्रकाली_एक्सप्रेस :
कुंभाचा पैसा म्हणालात तिथेच पुढचं सगळं दिसलं. निविदा, फीत, ड्रोन शो. दोन वर्षांत ॲप नव्या फोनवर उघडणार नाही आणि क्यूआरच्या फलकावर पानाच्या पिंका.

पण माझी खरी भीती वेगळी आहे. स्कॅन हा पाडायचा परवाना होतो. फायलीत एकदा ‘जतन केले’ असा शेरा पडला की वास्तूसाठी भांडायला तोंड उरत नाही. जर्मनीत त्सोलफेराइनची कोळसा खाण १९८६ ला बंद पडली. तिथल्या राज्य सरकारने लगेच जागा विकत घेतली, सगळं उभं ठेवलं, आणि २००१ मध्ये ती जागतिक वारसा झाली. आधी लोखंड वाचवलं त्यांनी.

सातपूर_सेकंड_शिफ्ट :
राव, जर्मनी सोडा. इथे सरकारवाड्यासारख्या वास्तूकडे लक्ष जायला किती वर्षं लागली? चिमणीचा गंज कोण खरवडणार? पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं काही वर्षं आधी लेझर स्कॅन झालेलं होतं. २०१९ ला आग लागली तेव्हा ती मापं दुरुस्तीला कामी आली. स्कॅन नसतं तर?

भद्रकाली_एक्सप्रेस :
तिथे परत बांधायचंच होतं. आपल्याकडे फ्लॅट बांधायचे असतात.

प्रेसकॉलनी_नंबर_दोन :
मग सिक्युरिटी प्रेसचंही स्कॅन करा की! १९२५ पासूनची आहे. त्याआधी आपली टपाल तिकिटं विलायतेहून छापून यायची. फक्त गेटवर सीआयएसएफच्या जवानाला आधी सांगा, पासपोर्ट छापतात तिथलं मोजमाप घ्यायला आलोय म्हणून. 😄

बॉयलर_फिटर_निवृत्त :
पोरांनो, माझी हयात अशाच एका केंद्रात गेली, कोणत्या ते राहू द्या. ड्रॉइंगमध्ये एक व्हॉल्व्ह असतो आणि जाग्यावर तो भलतीकडेच असतो, कारण मधे कधीतरी रात्रपाळीत कोणीतरी वेल्डिंग मारून लाईन फिरवलेली असते. स्कॅनमध्ये ती फिरवलेली लाईन दिसेल. का फिरवली ते दिसणार नाही. बेअरिंगला स्क्रू ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावायची, आवाजावरून कळायचं हा आठवडा काढतो की नाही. संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की सगळा प्लांट एकदम गप्प होतो आणि मग सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळतो. हे कुठल्या फायलीत घालणार? आमच्यातले निम्मे गेले. करायचं तर आधी माणसं रेकॉर्ड करा, लोखंड आणखी काही वर्षं गंजत बसेल.

तांबटलेन_ताई :
काकांचं शंभर टक्के पटलं. आणि सगळे मेलेल्या कारखान्यांवरच का बोलताय? आमच्या तांबट लेनमध्ये अजून हातोडे वाजतात. भांड्यावर ठोके कसे चढतात त्याचा नीट व्हिडिओ कोणी काढत नाही. काढलाच तर रील, वीस सेकंदांचं, गाण्यासकट.

घाटातला_बँकर :
इगतपुरीत तेच झालं. थळ घाटाची चढण सदतीसला एक. १८६५ पासून गाड्या चढताहेत, आजही कसाऱ्याहून मागे जादा इंजिन लागतं. मुंबईकडे डीसी आणि पुढे एसी वीज होती त्या काळात इगतपुरीला इंजिन बदलायचे तो खेळ बघत आम्ही वडे खायचो. इंजिनांचे फोटो हजारो सापडतील. शंटिंगवाल्याचा आवाज एकही नाही.

गोदाकाठचा_गणू :
फिटरकाका, तुमच्यासारख्यांना घेऊनच आत जायचं. स्कॅनर फिरत असताना काकांच्या गळ्यात माईक, म्हणजे ‘ही लाईन का फिरवली’ हे त्या जागेलाच चिकटून राहील. खर्चाचं म्हणाल, तर साधे एकमेकांवर चढणारे फोटो काढूनही त्रिमितीय नमुना तयार होतो, त्याची मोफत सॉफ्टवेअरं आहेत. फाईल खुल्या फॉरमॅटमध्ये ठेवायची आणि ॲपच्या नादी लागायचं नाही. परवाना होण्याची भीती मला मान्य नाही. स्कॅन न करताही पाडतातच.

भद्रकाली_एक्सप्रेस :
माईकचं ठीक. पण मग करारात लिहून घ्या : निदान एक संच, कंट्रोल रूमसकट, जाग्यावर राहील. नाहीतर काका बोलणार आणि बाहेर ट्रक भरत असणार. आणि ती फाईल दर पाच वर्षांनी नव्या डिस्कवर कोण चढवणार, त्याचा पगार कुठल्या हेडखाली?

बॉयलर_फिटर_निवृत्त :
हेडचं तुम्ही बघा. मी रविवारी मोकळा असतो, दम लागतो म्हणून वरच्या मजल्यांवर तेवढं चढवू नका.